मागून येणारी बॅग

"मग दुसरी बॅग कुठं आहे?"

केरोबुवांनी सहज विचारलं आणि मकरंद टिपणीसच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सकाळपासून हाच प्रश्न तो ज्याला त्याला विचारत सुटला होता. विमानतळावरच्या पोरीला, तिच्या साहेबाला, तक्रारीच्या फोनवरल्या गोड आवाजाला. आता तोच प्रश्न कुणीतरी त्याला विचारत होतं.

"मुंबईत. मागं ठेवली त्यांनी."

"आणि त्या बॅगेत..."

"त्याच बॅगेत आईच्या अस्थी आहेत, बुवा."

बुवा वाती वळत बसले होते. त्यांचा हात थांबला.

...

संगमावरची ती मठी म्हणजे पत्र्याच्या दोन खोल्या, पुढं ओटा, आणि ओट्याखाली उतरत गेलेल्या पायऱ्या. मकरंदची आई प्रमिलाबाई बुवांची शिष्या. दर वर्षी न चुकता यायची, चार दिवस राहायची. माझ्या अस्थी इथंच सोडायच्या आणि मकरंदनं स्वतःच्या हातानं सोडायच्या, एवढंच तिनं सांगून ठेवलं होतं. दुसरं काही मागायची तिला सवयच नव्हती.

मकरंद मात्र इथं पहिल्यांदाच येत होता.

"बस की," बुवा म्हणाले. "ती सतरंजी तुझीच आहे. प्रमिला आली की अशाच दोन अंथरायची. म्हणायची, या खेपेला मकरंदचं जमेल असं वाटतंय."

मकरंद सतरंजीच्या अगदी कडेला टेकला. त्याची निळी बॅग दाराशी उभी होती. हँडलला नारिंगी टॅग लोंबत होता.

"नियम बदललाय, बुवा. तिथंच सगळा घोळ झाला."

"कसला नियम?"

आता हे या म्हाताऱ्याला कसं समजावायचं? तरी मकरंदनं समजावलं, कारण बोलल्याशिवाय त्याला राहवत नव्हतं. वर्षातले निम्मे दिवस तो आकाशात असतो. त्याच्याकडे विमान कंपनीचं सोनेरी कार्ड आहे. त्या कार्डावर आजवर दोन बॅगा जायच्या, दोन्हींना नारिंगी टॅग लागायचा, आणि नारिंगी टॅगची बॅग कधी म्हणजे कधी मागं राहत नसे. उतरल्यावर पट्ट्यावरही तीच आधी यायची. या महिन्यापासून नारिंगी टॅग एकच. दुसरी बॅग विमानात जागा उरली तर, नाहीतर मागून.

"इकडं येणारं विमान लहान. वजन जास्त झालं म्हणाले, आणि उतरवली."

"हं."

"माणसानं आयुष्यभर यांच्याच विमानानं जायचं, आणि यांनी एका रात्रीत नियम फिरवायचा! ही काय रीत झाली?"

बुवांनी पुन्हा कापूस हातात घेतला.

"बरं, मी एकटाच बोंबलतोय असं नाही," मकरंद म्हणाला आणि त्यानं फोन पुढं केला. "आमचा कार्डवाल्यांचा ग्रुप आहे. सगळे पेटलेत."

पेटले होते हे खरंच. एकानं सोनेरी कार्ड कात्रीनं कापून त्याचा फोटो टाकला होता. एकजण म्हणत होता, हा सरळ सरळ विश्वासघात आहे. नाशिकच्या एका डॉक्टरीणबाईंनी आपले गोल्फचे दांडे आता कसे न्यायचे यावर पानभर लिहिलं होतं. कोर्टात जायचं की दुसऱ्या कंपनीचं कार्ड घ्यायचं, यावर दोन तट पडले होते. मकरंदनं सकाळी अस्थींचं लिहिल्यावर तर ग्रुपला भरतीच आली. हात जोडलेली चित्रं आली. आणि मग एकानं लिहिलं, टिपणीस, यापेक्षा भक्कम केस आपल्याला मिळणार नाही. त्याला पाऊणशे जणांनी अंगठा दाखवला होता.

"काय म्हणतात?" बुवांनी विचारलं. त्यांना एवढं बारीक वाचता येत नव्हतं.

"म्हणतात... नदीवर उभा राहा. रिकामा तांब्या हातात घेऊन. फोटो पेपरात देऊ."

"देऊ का तांब्या?"

मकरंदनं चमकून पाहिलं. बुवांच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. कोपऱ्यातल्या तांब्याकडे त्यांनी खरंच हात केला होता.

"नको," तो म्हणाला. नको म्हणायला त्याला जरा वेळ लागला, हे त्याचं त्यालाच जाणवलं.

...

"हातात का नाही आणल्यास?" बुवांनी विचारलं.

"काय?"

"अस्थी."

"तपासणीत कलश उघडायला लावतात. शंभर प्रश्न विचारतात. नसती कटकट. म्हणून तिच्याच साडीत गुंडाळून नीट बॅगेत ठेवला. आणि टॅग असला की काळजी नसते... नसायची."

"तुझ्या वडिलांच्या अस्थी घेऊन ती इथंच आली होती. एसटीनं. आख्खा दिवस कलश मांडीवर. वाटेत चहालासुद्धा उतरली नाही. खाली टेकवायचा नसतो ना, म्हणून."

"ते दिवस वेगळे होते, बुवा."

"हो. एसटीला टॅग नव्हता."

 आई गेली तेव्हा मकरंद परदेशात होता. तो येईपर्यंत तिला शवागारात ठेवलं होतं. ते थंडगार कपाळ हाताला लागलं तेव्हापासून त्याला नीट झोप नव्हती, आणि झोप नसली की तो कामाला जुंपून घ्यायचा. हे सगळं बुवांना सांगावं असं त्याच्या मनात आलं. पण तोंडातून भलतंच निघालं.

"मी तुमच्याकडे एक विनंती करायला आलोय. आज संध्याकाळी मला सिंगापूरला निघायचंय. इथून हैदराबाद, तिथून पुढं. उद्याच्या बैठकीवर माझी दोन वर्षांची मेहनत लागलीय. बॅग आली की तुम्ही... तुमच्या हातून झालं तर आईला आनंदच होईल."

"तिनं माझ्या हातून मागितलं नव्हतं."

"पण माझा दोष काय यात? मी तर घेऊन निघालोच होतो! त्यांनी ठेवली मागं!"

बुवांनी दाराशी उभ्या असलेल्या निळ्या बॅगेकडे पाहिलं.

"ही नाही राहिली मागं."

"हिला टॅग होता ना."

"हिच्यात काय आहे?"

"कपडे. बैठकीचे सूट. कामाच्या वस्तू."

"टॅग कुणी लावला?"

"काउंटरवरच्या मुलीनं."

"तिनंच ठरवलं? हिला लावायचा म्हणून?"



"...तिनं विचारलं होतं."

"काय?"

"म्हणाली, सर, एकच टॅग आहे, कुठल्या बॅगेला लावू?"

"मग तू काय सांगितलंस?"

"मी फोनवर होतो. याच नियमाची तक्रार चालली होती. त्यांच्या वरच्या साहेबाशी."

"म्हणजे सांगितलं नाहीस."

"सांगितलं नाही... खूण केली."

"कशी?"

"कशी म्हणजे? करतो आपण तशी. ही नाही, ती."

बुवा उठले. गुडघ्यांवर हात टेकत, सावकाश. आतून त्यांनी आपली पत्र्याची ट्रंक ओढत आणली आणि मकरंदच्या समोर ठेवली. मग अंथरुणाचं गाठोडं आणलं आणि ट्रंकेच्या शेजारी ठेवलं.

"ही तुझ्या सुटांची. ही प्रमिलाची. मी ती पोरगी. दाखव."

"बुवा, हे काय आता..."

"दाखव."

मकरंदला हसू आलं, रागही आला. पण म्हाताऱ्याचं मन मोडवेना. आईनं या माणसाच्या पायांवर डोकं ठेवलं होतं. तो उभा राहिला. सवयीनंच फोन कानाला लावला.

"सर," बुवा म्हणाले, "एकच टॅग आहे. कुठल्या बॅगेला लावू?"

फोन एका हातात. दुसऱ्या हातात तेव्हा कार्ड होतं, पासपोर्ट होता. दोन्ही हात अडकलेले. त्यानं हनुवटीनं ट्रंकेकडे खूण केली...

आणि त्याचा उजवा पाय आपोआप उचलला गेला. चवड्यानं गाठोडं बाजूला सरकवलं. ही नाही. ती.

पाय तसाच राहिला, गाठोड्याला टेकलेला. विमानतळावर पायात बूट होता, म्हणून काही कळलं नव्हतं. इथं पाय अनवाणी होता. कापडाचा मऊपणा बोटांना लागत होता.

...

खाली नदीवर कुणीतरी कपडे आपटत होतं. 

लहानपणी पुस्तकाला पाय लागला तरी आई त्याला वाकून नमस्कार करायला लावायची. माणसाला लागला तर दोनदा. मकरंद खाली बसला. बसला म्हणजे कोसळलाच. गाठोड्याला हात लावून तो हात त्यानं कपाळाला नेला, परत नेला, आणि मग त्याला रडू फुटलं. शवागारात आलं नव्हतं, चितेपाशी आलं नव्हतं, ते आत्ता आलं. पन्नाशीचा माणूस अंथरुणाच्या गाठोड्यावर डोकं टेकून लहान पोरासारखा हुंदके देत होता.

बुवांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. ते परत वाती वळायला बसले.

रडू ओसरायच्या आतच फोन वाजला. विमान कंपनीचा होता. तोच सकाळचा गोड आवाज. बॅग सापडली होती. उद्या दुपारच्या विमानानं ती इथल्या विमानतळावर येणार होती. झालेल्या त्रासाबद्दल कंपनीला खेद होता.

"माझ्या वतीनं दुसऱ्या कुणी घेतली तर चालेल?" मकरंदनं विचारलं. विचारल्यावर त्यानं स्वतःच डोळे मिटून घेतले.

तुमच्या तक्रारीत आत अस्थी असल्याची नोंद आहे, आवाज म्हणाला. कागद तुमच्या नावाचे आहेत. ओळख पटवून तुम्हालाच घ्यावी लागेल. तुम्ही येईपर्यंत बॅग आमच्या खोलीत सुरक्षित राहील, सर. कितीही दिवस.

मकरंदनं फोन खाली ठेवला. ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं, टिपणीस, फोटोचं काय झालं? त्यानं फोन पालथा केला.

"उद्या येतेय," तो म्हणाला.

बुवांनी मान हलवली.

"मलाच घ्यावी लागेल म्हणतात. मी गेलो तर ती तिथंच राहील. सामानाच्या खोलीत. मी परत येईपर्यंत."

"कधी येशील परत?"

"सिंगापूरहून पुढं सिडनी आहे. मग..." त्यानं मनात तारखा जुळवून पाहिल्या. जुळेनात. आईला फोनवर सांगताना जसा थबकायचा तसाच तो थबकला. "लवकरच."

बाहेर मोटारीचा भोंगा वाजला. ड्रायव्हर ओट्यापर्यंत आला आणि चपला न काढता खालूनच म्हणाला, "साहेब, आत्ता निघालो तरच विमान गाठता येईल बघा. फाटकाला गाडी अडकली तर माझ्यावर बोल नको."

मकरंद उठला. निळी बॅग दाराशी तयारच होती. त्याचा हात हँडलवर गेला, नारिंगी टॅग त्याच्या मनगटाला घासला आणि हात मागं आला. पुन्हा पुढं गेला. तिकडं दोन वर्षांची मेहनत होती, माणसं बसून राहणार होती, त्याच्या नावाची पाटी टेबलावर लागली असणार. इकडं दोन सतरंज्या होत्या. एकीवर अजून कुणी बसलं नव्हतं.

"पाचच मिनिटं," तो ड्रायव्हरला म्हणाला. आणि मग बुवांकडे वळला. आयुष्यात पहिल्यांदा तो खरोखर कुणालातरी विचारत होता.

"बुवा... तुम्हीच सांगा. थांबू की जाऊ?"

बुवांनी ट्रंक भिंतीकडे सरकवली. मग गाठोडं दोन्ही हातांनी उचललं, त्याच्यावरची धूळ तळव्यानं झाडली आणि ते रिकाम्या सतरंजीवर नीट ठेवलं.

"जा तू," ते म्हणाले. "वाट बघायची तिला सवय आहे."