शून्य युनिटांचं घर

सोसायटीत वीजबचतीची स्पर्धा ठरली. सर्वांत कमी युनिटं जळतील त्या घराला ढाल, आणि सर्वांत जास्तवाल्यांचं नाव वर्षभर फळ्यावर. बाळाचे न वाळलेले लंगोट इस्त्रीनं सुकवून सुकवून फळ्यावर मीच चढले होते.

अध्यक्ष पोतनीसकाका महिनाभर लेकीकडे राहून आले आणि भर सभेत ढाल घ्यायला उठले. "शिका जरा, सूनबाई. आमची फक्त बारा युनिटं."

मी बाळाला कडेवर घेऊन उठले. "काका, ढाल तिसऱ्या मजल्यावरच्या बंद फ्लॅटची. त्यांचं शून्य आहे."

"अहो, तिथं कोणी राहतच नाही. असलं घर स्पर्धेत कसं धरायचं?"

"तेच म्हणते. या महिन्यात तुमच्याकडे कोण राहत होतं?"

सभा हसली. सचिवांनी स्पर्धाच रद्द केली आणि फळ्यावरचं माझं नाव पुसलं.