गोंदाजी ओताऱ्याचे दुपारचे स्वप्न

श्रीउमानंद महाराज त्या वर्षी वेळूगव्हाणात भैरोबाच्या ओवरीत उतरले होते. भिक्षेला भाकरी आणि बोलायला माणूस, एवढ्यावर ते प्रसन्न असत. गावचा गोंदाजी ओतारी रोज त्यांच्या पायांशी येऊन बसे. बिचाऱ्याची झोप उडाली होती. देवळाची नवी घंटा त्याने दोनदा ओतली आणि दोन्ही वेळा ती बद्द वाजली!

गावची रीत अशी की, घंटेचा धातू वितळू लागला की प्रत्येकाने मुशीत आपले काहीतरी टाकावे. कुणी तांब्याचा तुकडा टाकी, कुणी फुटके भांडे. त्र्यंबकराव इनामदार मात्र तबकभर चांदी ओतीत, म्हणजे घंटा घुमली की नाव त्यांचे! ती बद्द निघाली की खापर गोंदाजीच्या माथी. "तिसरी बिघडली तर गाव सोडायचं," असे त्यांनी चारचौघांत बजावले होते.

"महाराज, निजलो तरी सपनात तेच," गोंदाजी म्हणाला. "मूस कलंडती, रस अंगावर येतो, आन् मी वरडत उठतो."

महाराज हसले. "पुन्हा कलंडली की खुशाल रसात हात घाल. पोळला नाही, तर समज की आपण झोपलोय. मग भ्यायचं कशाला? हवं ते करून बघ. जागेपणी नको हो घालूस!"

ओतण्याच्या आदल्या दुपारी गोंदाजीचा डोळा लागला. आधी नेहमीचीच वेडीवाकडी स्वप्ने. शेळी साच्यात शिरली, मेलेली आत्या मेण मागू लागली. मग मूस कलंडली. त्याने जीव मुठीत धरून हात घातला, तर रस ताकासारखा गार! "आरं, हे तर सपान!" त्याला हसूच फुटले. पाहतो तो भट्टीपाशी महाराज बसलेले. "ओत पाहू," ते म्हणाले. त्याने चांदी घालून घंटा ओतली. बद्द. फोडून पुन्हा ओतली. बद्द. स्वप्नातल्या धातूला कसला तोटा! मग महाराजांनी चांदी बाजूला ठेवली, आणि या वेळी घंटा अशी घुमली की तो जागाच झाला. कुणाला काही न सांगता तो कामाला लागला.

दुसऱ्या दिवशी इनामदार तबक घेऊन पुढे सरसावताच गोंदाजी आडवा आला. "सरकार, चांदी नगं. महाराजांनी सपनात दावलंय."

"ओताऱ्यालाही स्वप्नं पडायला लागली!" इनामदार खदखदा हसले. "ओत तुझ्या मनासारखी. बिऱ्हाड मात्र बांधून ठेव."

तिसऱ्या दिवशी साचा फोडून घंटा टांगली. गोंदाजीचा हात काही उठेना. "वाजव रे," महाराज म्हणाले. त्याने टोल दिला, आणि काय सांगावे! नाद शिवेपर्यंत गेला. "भैरोबाच्या नावानं चांगभलं!" गाव गर्जला. गोंदाजी लहान मुलासारखा रडला.

इनामदारांचा चेहरा मात्र उतरला. ते महाराजांपुढे आले. "महाराज, ओतण्याच्या आदल्या दुपारी आपण माझ्याही स्वप्नात आला होतात. चांदीचं तबक माझ्या हातात परत दिलंत. हे स्वप्न आहे, हे मलाही कळत होतं. म्हणूनच तबक भिरकावलं. म्हटलं, स्वप्नातल्या गोसाव्याचं काय ऐकायचं!"

ते पायांवर वाकणार, तोच महाराजांनी त्यांना धरले. "आता जागे आहात ना? मग ज्यानं ऐकलं, त्याच्या पाया पडा."

आणि भरल्या गावात त्र्यंबकराव इनामदारांनी ओताऱ्याच्या काजळलेल्या पायांवर डोके ठेवले. गोंदाजी बिचारा "सरकार, सरकार" करीत मागे मागे सरकत राहिला.