अरिंजय राजाचा पिता

पूर्वी गोदावरीकाठी पोतन नगरात सात वर्षांचा अरिंजय राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याचा पिता होता. आजोबांनी गादी जावयाला, म्हणजे बोधिसत्त्वाला, न देता नातवाला दिली होती. जावई डोंगरातला, त्याची बोली ऐकून नगरातले लोक हसत.

राजाने दहा महिने राज्य केले. निवाड्यात अडला की तो भर सभेत विचारी, “बाबा, आता काय म्हणू?”

वारस नेमण्याची तिथली रीत अशी, की राजाने घाटावर लोकांसमोर स्वतःच्या हाताने वारसाच्या मस्तकावर नदीचे पाणी ओतायचे. अरिंजयाने पित्याला वारस करायचे ठरवले. तसे न झाल्यास गादी राजाच्या धाकट्या आजोबांकडे जाणार आणि डोंगरी जावयाला नगर सोडावे लागणार, हे सर्वांना ठाऊक होते.

नेमका मुहूर्ताच्या दिवशी राजाला ताप चढला. वैद्याने नाडी पाहून औषधांची पेटी बंद केली.

अमात्य सुनेत्र बोधिसत्त्वाचा मित्र होता. दाराशी येऊन तो हळूच म्हणाला, “पालखी तयार आहे. एका घटकेचं तर काम.”

“त्याच्याजवळ घटका किती उरल्यात, सुनेत्रा?”

“म्हणूनच घाई करतोय!”

आतून अरिंजय म्हणाला, “बाबा, चल ना. मी ओततो पाणी. नाहीतर धाकटे आजोबा तुला हाकलतील.”

बोधिसत्त्वाने पालखी परत पाठवली आणि मुलाचे डोके मांडीवर घेतले.

“हाकलू देत. आमच्याकडे शेळ्या आहेत. राजालाही शिंग मारतात.”

“राजालाही?”

“राजाला आधी!”

अरिंजय हसला. त्याने शेळ्यांची नावे विचारली. चौथ्या नावाला त्याला झोप लागली. मुहूर्त टळला. सूर्यास्ताला तो तसाच, झोपेत गेला.

पुढे बोधिसत्त्वाला नगर सोडण्याची आज्ञा झाली. सुनेत्र त्याच्याबरोबर वेशीपर्यंत चालत आला.

“एक घटका, मित्रा. राज्य तुझं होतं.”

“तू त्याच्या अंगाला हात लावला नव्हतास,” बोधिसत्त्व म्हणाला. “फार तापलं होतं.”

एवढे सांगून भगवान शास्ते जवळ बसलेल्या आपल्या मुलाकडे, राहुलाकडे वळले. मग म्हणाले, “तेव्हाचा सुनेत्र तो आजचा आनंद. अरिंजय तो हा राहुल. आणि त्याच्या उशाशी बसलेला तो डोंगरी माणूस मीच होतो.”

पूर्णत्वाला नेलेल्या या निरपेक्ष मायेच्या पारमितेला मैत्री म्हणतात.