रांजणातले रातकिडे

डोंगराच्या पायथ्याशी दगडगोट्यांनी भरलेला एक उघडा माळ होता आणि त्या माळावर एक तरुण सापसुरळी राहत असे. अंगाने तुकतुकीत, पायांनी इवलीशी आणि बोलायला सरळ. तिच्याकडे एक मातीचा रांजण होता. मेंढ्या चारायला आलेल्या धनगरांनी तो तडा गेला म्हणून टाकून दिला होता. आडव्या पडलेल्या त्या रांजणात ती रातकिडे पाळत असे.

पूर्वी माळावर असला उद्योग कुणी करत नसे. भूक लागली की जीभ बाहेर काढायची आणि समोरचा किडा मटकावायचा, एवढाच सगळ्यांचा संसार. पण त्या वर्षी गवत लवकर वाळले, पेटले आणि उरलेसुरले किडे पलीकडच्या शेतात गेले. शेतात औषध मारलेले होते. तिथले किडे खाऊन आलेले दोन सरडे भर दुपारी उताणे पडले, ते पुन्हा उठले नाहीत. तेव्हा सापसुरळीने माळावरचा एकेक दगड उकरून वीसेक जिवंत रातकिडे शोधले, रांजणात सोडले आणि त्यांची पैदास सुरू केली.

मुलांनो, हे काम ऐकायला सोपे वाटते. रातकिड्यांना उघडे पाणी ठेवले तर ते त्यात बुडून मरतात, म्हणून ओढ्यावरून ओले शेवाळ आणावे लागते. लपायला सालपटे लागतात, नाहीतर ते एकमेकांचेच पाय खातात. मेलेले रोज बाहेर काढावे लागतात, नाहीतर वास सुटतो आणि जिवंतही मरू लागतात. आणि एका कोपऱ्यात, नारळाच्या करवंटीत, माती सतत ओली ठेवावी लागते. रातकिड्याच्या मादीला शेपटीशी सुईसारखी लांब नळी असते. ती सुई ओल्या मातीत खुपसून ती अंडी घालते. माती एक दिवस जरी सुकली तरी अंडी गेली. सापसुरळी ऊन चढायच्या आत ओढ्यावर आठ खेपा करी, प्रत्येक वेळी तोंडभर पाणी घेऊन. दुपारपर्यंत तिचे चारी पाय थरथरू लागत.

माळावरचे वडीलधारे मात्र फक्त जेवायला येत. सगळ्यांत पुढे म्हातारी घोरपड, तिच्या मागे गळा फुगवत सरडा. माळाची एक जुनी रीत होती. पहिला घास सर्वांत वयस्कराचा आणि तोही सगळ्यांत भरलेल्या किड्याचा. आता रांजणात सगळ्यांत भरलेले किडे कोणते? तर पोटात अंडी असलेल्या माद्या.

"आत्या, ती नको," सापसुरळी पहिल्याच दिवशी म्हणाली. "ती सुईवाली आहे. अजून अंडी घालायची आहेत तिला. हा घ्या, हा नर घ्या."

घोरपडीने नराकडे पाहिले. "हा? हा तर नुसता पंखांचा सांगाडा आहे. माझ्या वयाला हा वाढतेस?"

"चव तीच असते, आत्या."

"चव मला शिकवू नकोस," घोरपड म्हणाली आणि तिने सुईवाली गिळली. "तुझ्या आईच्या आईला मी अंड्यातून बाहेर येताना पाहिलंय."

सरडा खो खो हसला. "अगं, हिचे पाय शोधायला भिंग लागेल आणि ही आपल्याला जेवायला शिकवते!" त्यानेही एक सुईवाली उचलली. वयाने तो दुसरा होता ना.

असे दिवसामागून दिवस गेले. सापसुरळी रोज सांगे, रोज तिला हसत आणि रोज दोन-तीन सुईवाल्या कमी होत. एकदा तिने त्या सालपटाखाली लपवून ठेवल्या, तर सरड्याने सालपट उलटवले आणि साऱ्या माळावर ओरडत सुटला, "बघा बघा, पोरगी एकटी खायला साठवते!" त्या दिवशी सापसुरळीला रडूही आले नाही. ती इतकी दमली होती की रडायलासुद्धा बळ लागते हे तिला तेव्हा कळले.

रांजणाजवळच्या दगडाखाली एक पाल राहत होती. नवीनच आई होणार होती. तिने दगडाच्या फटीत अडकलेल्या सालपटावर तीन अंडी चिकटवली होती. एका सकाळी ती सापसुरळीला म्हणाली, "ताई, माझी पिल्लं बाहेर आली की त्यांना काय घालू? एवढाले रातकिडे त्यांच्या तोंडात मावायचे नाहीत."

"त्यांना तिळाएवढे लागतात," सापसुरळी म्हणाली. "अंड्यातून नुकतेच निघालेले."

"मग आहेत ना तसले?"

सापसुरळीने रांजणात पाहिले. सुईवाल्या मोजल्या. सहा.

त्याच सायंकाळी तिने सगळ्यांना रांजणापाशी बोलावले. "मी फार मागत नाही," ती म्हणाली. "या सहा जणींना पंधरा दिवस कुणी हात लावू नका. त्यांनी अंडी घातली तर पालीची पिल्लं जगतील आणि दोन महिन्यांनी तुम्हालाही पोटभर मिळेल. नाही घातली तर हा रांजण संपला."

"संपला?" घोरपडीने रांजणाला कान लावला. आतून कर्कश किरकिर चालली होती. "ऐक की! मागच्या महिन्यात एवढा आवाज होता का? उलट वाढलेत रातकिडे."

"आवाज फक्त नर करतात, आत्या. माद्या उरल्या नाहीत म्हणून ते जास्त ओरडताहेत. आवाजावर जाऊ नका. आत डोकावून बघा तरी!"

"म्हणजे माझे कान खोटे?"

"तुमचे कान खरे आहेत. पण तुम्ही रांजण एकदासुद्धा झाडलेला नाही."

माळावर वडीलधाऱ्यांशी असे कुणी बोलत नसे. सरड्याचा रंग दोनदा बदलला.

"रीत मोडायला लावतेस?" घोरपड सावकाश म्हणाली. "आज घास बदलला, उद्या आम्हाला रांगेत उभं करशील." आणि बोलता बोलता तिने रांजणात तोंड घालून एक सुईवाली उचलली. मग दुसरी. तिला राग आला की तिला भूक लागत असे.

सापसुरळी ते पाहत राहिली. तिच्याजवळ बोलायला पुष्कळ होते. पण ते सगळे ती आधीच बोलून चुकली होती, सकाळी, दुपारी, गेल्या महिन्यात. तिने शांतपणे ओल्या मातीची करवंटी दातांत धरली आणि ओढत ओढत रांजणाबाहेर आणली.

"रांजण तुमचा," ती म्हणाली. "पहिला घासही तुमचा आणि शेवटचाही. मी ही माती तेवढी नेते."

"ने की!" सरडा ओरडला. "माती कोण खातंय इथं!"

ती ओढ्यापलीकडे गेली. पालीने तीन अंडी असलेले सालपट कसेबसे खरवडून सोडवले आणि तीही मागोमाग गेली. एका तापलेल्या कातळाच्या आडोशाला करवंटी ठेवून दोघी तिच्याकडे बघत बसल्या.

"ताई, यात खरंच काही आहे का गं?" पालीने विचारले.

"असावं," सापसुरळी म्हणाली. "शेवटी शेवटी दोघी-तिघींनी सुई खुपसलेली मी पाहिली होती. फार नाही." आणि ती पाणी आणायला निघाली.

नवव्या दिवशी पालीची पिल्ले बाहेर आली. माती तशीच होती, काळी आणि गप्प. दहाव्या दिवशीही तशीच. पिल्ले कातळावर जिभा फिरवत राहिली. अकराव्या दिवशी दुपारी मातीला जणू खाज सुटली. वरचे कण हलले आणि तिळाएवढे पांढुरके रातकिडे एकामागून एक वर आले. दोन पिल्लांनी झडप घातली. तिसऱ्याला तेवढा धीर धरता आला नव्हता. ते सकाळीच गेले होते. पालीने त्याला दगडाआड ठेवले. आधीच्या सुईवाल्या गिळल्या गेल्या नसत्या, तर त्यांच्या अंड्यांतून दोन दिवस आधीच किडे निघाले असते, हे दोघींनाही ठाऊक होते.

त्यानंतर चार दिवसांनी घोरपड आणि सरडा ओढा ओलांडून आले. सरड्याचा गळा सुरकुतला होता. रांजणातले नर ओरडून ओरडून म्हातारे झाले आणि मेले, आत आता नुसती कुरतडलेली सालपटे उरली, असे तो खाली बघत म्हणाला. घोरपडीचे लक्ष करवंटीकडे होते.

"त्याला तोंड लावायचं नाही," सापसुरळी म्हणाली. "यातले निम्मे पिल्लांचे. निम्मे वाढवायचे. दोन महिन्यांनी या."

"तोवर मी काय खाऊ गं?"

"तुम्ही घोरपड आहात, आत्या. ओढ्यात खेकडे आहेत. धरा."

"पाणी फार गार असतं," घोरपड पुटपुटली. पण ती उठली. दोन पावले जाऊन ती थांबली आणि मान वळवून म्हणाली, "आमचं चुकलं, ते मी नाही म्हणत नाही. पण तूसुद्धा तेव्हा जरा नीट समजावून सांगायला हवं होतंस."

पालीने चमकून सापसुरळीकडे पाहिले. आता ही काय बोलते, म्हणून दोन्ही पिल्लेही थांबली. सापसुरळीने घोरपडीकडे एकदा पाहिले. मग ती वळली, ओढ्यावर गेली, तोंड पाण्याने गच्च भरून घेतले आणि मातीकडे परतली. तोंड भरलेले असले की उत्तर द्यावे लागत नाही. तिला तेवढीच विश्रांती होती.

तात्पर्य : राबणाऱ्याने धोका दाखवला तर त्याचे वय विचारत बसू नये. मानाच्या हट्टापायी ज्यांनी उद्याची वीणच खाऊन टाकली, त्यांची भूक मानाने भागत नाही. आणि त्याची किंमत मात्र ज्यांनी अजून एकही घास घेतलेला नसतो, ते मोजतात.