निजलेल्या राक्षसाची वाट

आंबेदऱ्याला गाडीरस्ता नव्हता आणि डोंगरावर हिरड्याची झाडं आजच्या तिप्पट होती, त्या काळातली ही गोष्ट आहे. गाव डोंगराच्या कुशीत. वर मोठा माळ, माळाच्या पलीकडच्या अंगाला सरळ तुटलेला कडा, आणि कड्याखाली कोकण. त्या गावात लुमा नावाचा एक माणूस राहत होता.

लुमा रानात हिरडा गोळा करायचा. एकदा तो झाडावरून पडला आणि त्याचा एक पाय कायमचा अधू झाला. मग रान सुटलं. भाताच्या लावणीला बायामाणसं खाचरात गेली की लहान पोरं लुमाच्या अंगणात ठेवून जायची. त्यांना सांभाळता सांभाळता तो एक गोष्ट सांगायला लागला. एकच गोष्ट, आणि रोज तीच. असं म्हणतात की वीस वर्षांत त्यानं तिच्यातला एक शब्द बदलला नाही.

गोष्ट अशी होती. माळावर एक राक्षस निजलाय. त्याचे दात उघडे पडलेत, काळे, उभे, माणसाहून उंच. दातांना पाठ करून खाली उतरलं की त्याची हिरवी दाढी लागते. दाढीच्या डाव्या अंगाला एका चेटकिणीनं आपली मखमली शाल वाळत घातलीय. तिला हात लावला तर अंगाची आग होते, म्हणून उजवीकडून जायचं. पुढे राक्षसाचा हात आडवा येतो. त्या हातात हातभर लांब तलवारी लटकतात. वाकायचं आणि तलवारींखालून पलीकडे जायचं. मग राक्षसाच्या पोटाची गुरगुर ऐकू येते. ती उजव्या कानात ठेवून चालत राहिलं की घर येतं.

ऐकताना पोरांचे डोळे मोठे व्हायचे. शेवटी सगळी मिळून म्हणायची, "दातांना पाठ, दाढीला हात, शाल सोडा, तलवारीखाली वाका, गुरगुर उजव्या कानात!"

मोठ्या माणसांना हे काही आवडायचं नाही. हिरू नावाच्या दहा वर्षांच्या मुलीची आई ठमी एकदा लुमाच्या दारात येऊन उभी राहिली.

"लुमादादा, माझा धाकटा झोपेत राक्षस राक्षस करतो. दुसरं काही सांगा की पोरांना. देवाधर्माचं सांगा."

"राक्षस निजलेला हाय, ठमे. तो उठत न्हाई," लुमा म्हणाला. "पोरांनी नुसतं त्याच्या अंगावरून चालायचं हाय."

"आणि उठला म्हणजे?"

"न्हाई उठत."

ठमीनं त्या दिवसापासून हिरूला आणि धाकट्या सोमाला त्याच्याकडे पाठवणं बंद केलं. पण गोष्ट पोरांना कधीच पाठ झाली होती.

मग ते वर्ष आलं. त्या वर्षी माळावर कारवी फुलली. कारवी सात वर्षांतून एकदा फुलते, आणि फुलली की सगळा उतार जांभळा होतो. गावातल्या पोरांना ती पाहिल्याचं आठवतही नव्हतं. भादव्यातल्या एका सकाळी, मोठी माणसं नाचणीच्या निंदणीत असताना, पाच पोरं कुणाला न सांगता माळावर गेली. हिरू सगळ्यांत मोठी. चार वर्षांचा सोमा तिच्या पाठीवर.

दुपारी धुकं उतरलं. असं म्हणतात की तसं धुकं आंबेदऱ्यानं त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही पाहिलं नाही. पुढच्या माणसाची घोंगडी दिसेना. पोरं घरात नाहीत हे कळल्यावर सगळा गाव माळाकडे धावला. जो तो आपल्या पोराचं नाव घेऊन हाका मारत होता. एका गड्याचा पाय कड्याच्या काठावरून सुटला. मागच्यानं त्याच्या अंगातली कोपरी धरली म्हणून तो वाचला.

लुमानं अंगणातून त्या हाका ऐकल्या. त्यानं दोन म्हाताऱ्यांना हाताशी धरलं, घोंगडीची झोळी करायला लावली आणि स्वतःला उचलून माळाच्या पायथ्याशी, ओढ्याजवळ आणवलं.

"हाका मारू नका," तो म्हणाला. "सगळ्यांना खाली आणा. कुणीसुद्धा हाक मारू नका."

लोकांना वाटलं, याचं डोकं फिरलं. ठमी त्याच्या अंगावर धावून गेली. "माझी दोन लेकरं वर हायती, आणि मी गप बसू?"

"ठमे, ऐक. आपली हाक कड्यावर आपटून उलटी येते. पोरांना वाटतं, आई तिकडं हाय. पोरं कड्याकडं पळतात." त्यानं ओढ्याकडे बोट दाखवलं. "ओढ्याचा आवाज जागा बदलत न्हाई. त्यांना तो ऐकू दे."

ठमीनं पदर तोंडात कोंबला आणि ओल्या गवतात बसली. ती गप्प झाली तसा एकेक जण गप्प झाला. आपलं पोर हरवलेलं असताना गप्प बसणं काय असतं, ते त्या दिवशी आंबेदऱ्यानं पाहिलं. फक्त ओढा वाहत होता.

वर पोरं रडून दमली होती. हाका चारी बाजूंनी येत होत्या आणि ती कधी इकडे, कधी तिकडे पळत होती. मग हाका थांबल्या. त्या शांततेत हिरूचा हात कशाला तरी लागला. गार, उभं, तिच्याहून उंच. माळावर काळ्या दगडाचे खांब एका रांगेत उभे आहेत, त्यांतला तो एक होता.

"हे दात हायती," हिरू म्हणाली. "लुमाबाबाचे दात. पाठ करा."

पोरांनी पाठ केली आणि एकमेकांचे हात धरून उतरायला लागली. थोड्या वेळानं चेहऱ्याला ओलं शेवाळ लागलं, झाडांवरून लोंबणारं, म्हाताऱ्याच्या दाढीसारखं. डावीकडे खाजकुइलीच्या मखमली शेंगांचं जाळं होतं. पोरं उजवीकडून गेली. पुढे म्हशीच्या मानेएवढा जाड गारंबीचा वेल आडवा आला. त्याला हातभर लांब शेंगा लटकत होत्या. पोरं वाकली. असं म्हणतात की तो वेल तेव्हा आपणहून वर उचलला गेला, पाठीवरच्या सोमाचं डोकं त्याला लागू नये म्हणून. आणि मग उजव्या कानात ओढ्याची गुरगुर आली.

खाली बसलेल्या माणसांना आधी बारीक आवाज ऐकू आला. पाच पोरं एका सुरात म्हणत होती, "गुरगुर उजव्या कानात, गुरगुर उजव्या कानात." मग धुक्यातून हिरू बाहेर आली. ठमी उठली, तिच्यापर्यंत पोचली, आणि दोन्ही लेकरांना कवटाळून मटकन खाली बसली. कुणी रडत होतं, कुणी हसत होतं. सोमा भूक लागली म्हणून कुरकुरत होता, आणि ती कुरकुर ऐकून सगळ्यांच्या जिवात जीव आला.

हिरू लुमाजवळ गेली. "बाबा, आमच्यापुढं एक पोरगी चालत होती. आम्हांला वाटलं, आमच्यातलीच हाय. खाली येऊन मोजलं, तर आम्ही पाचच."

"काही बोलली ती?"

"न्हाई. तिनं केसांत कारवी खोवली होती."

तेव्हा लुमानं गावाला पहिल्यांदाच सांगितलं. तो आठ वर्षांचा असताना, अशाच कारवीच्या वर्षी, तो आणि केसांत कारवी खोवलेली त्याची थोरली बहीण धुक्यात माळावर चुकले होते. आईबाप हाका मारत होते. बहीण म्हणाली, आई तिकडं हाय, आणि हाकेकडे पळाली. तिकडे कडा होता. लुमा जागेवरच बसून राहिला, म्हणून सापडला. पुढे हिरडा गोळा करताना त्यानं त्या वाटेची दगड न् दगड, वेल न् वेल अशी ओळख करून घेतली. पण पोरांना वाट सांगितली तर ती विसरतात. राक्षस सांगितला तर विसरत नाहीत.

एवढं सांगून तो रडला नाही. ओढ्याच्या पाण्यानं त्यानं तोंड धुतलं आणि म्हणाला, "चला, भाकरी कुणाकडं हाय?" त्या दिवसानंतर त्याचा चेहरा वेगळाच मोकळा दिसायचा, असं म्हातारी माणसं सांगत. पुढे तो खूप वर्षं जगला, आणि ठमीनं सोमाला रोज स्वतः त्याच्या अंगणात आणून सोडलं.

लुमा गेला, पण वाट राहिली. आंबेदऱ्यात आजही माळावर धुकं उतरलं की कुणी कुणाला हाक मारत नाही. गारंबीच्या वेलाला कुणी कोयता लावत नाही. आणि दरसाल दसऱ्याच्या आधी गावातली पोरं राक्षसाच्या अंगावरून चालत खाली येतात. पुढे पोरं, मागे मोठी माणसं, आणि बोलायचं ते पोरांनीच. वाट संपते तिथे बाया चुली मांडून बसलेल्या असतात. त्या नाचणीच्या भाकऱ्या थापतात, पोरं असतील तेवढ्या आणि वर एक. ती वरची एक भाकरी गवतावर ठेवतात आणि मागं वळून न बघता घरी जातात.