मध्यंतरातच उठलेली ऋजुता

अरे, काल आमच्या पेपरच्या ऑफिसात काय धमाल झाली! न्यूज चॅनेलवर बेतलेल्या त्या रटाळ कॉमेडी सिनेमाचा दिग्दर्शक निंबकर थेट संपादकांच्या केबिनमध्ये घुसला.

"तुमची ही समीक्षक ऋजुता मध्यंतरातच उठून गेली, मी स्वतः पाहिलं! तरी अख्ख्या सिनेमाची समीक्षा छापलीत? काढून टाका हिला!"

संपादकांचा चेहराच पडला. "ऋजुता, खरंय हे?"

"हो सर. मध्यंतरानंतर माइक चालू राहतो, बॉसच्या शिव्या लाइव्ह जातात, ट्रेनी मुलगी अँकर होते, सगळं अंदाजानंच लिहिलं. निंबकरसाहेब, त्यात एक चूक दाखवा, आत्ता राजीनामा देते!"

निंबकरनं समीक्षा दोनदा वाचली. मग हळूच विचारलं, "शेवटचं लग्नसुद्धा अंदाजानंच?"

"छे हो, ते तर पोस्टर बघूनच कळलं होतं!"