बेबे नावाचा दगड

शिरसखेडच्या गुरुद्वाऱ्यामागच्या पायऱ्या उतरून नदीवर गेले की कमरेएवढा एक काळा दगड लागतो. त्याच्या मानेभोवती चार बोटे रुंद खाच आहे. परगावचे लोक म्हणतात, नाव बांधायचा असेल. कोणी तर देवी समजून हळदकुंकू वाहून जाते. नावेचा नव्हे, आणि देवी तर मुळीच नव्हे. दोराची खाच अरुंद पडते. ही कापडाची आहे. गावातले शीख या दगडाला 'बेबे' म्हणतात. बेबे म्हणजे आई. का म्हणतात ते ऐका, आणि तोवर तरी त्याच्यावर पाय ठेवू नका.

फार मागे, निजामाच्या अमलात, इथे शिखांची पाच-सहा घरे होती म्हणे. त्यातल्या एका घरात अतरकौर राहायची. नवरा घोडेस्वार होता, तो कुठल्याशा चकमकीत गेला. मागे एकुलता मुलगा, लहणासिंग. बाई ताठ. दळण दळून, नीळ कालवून लोकांची कापडे रंगवून तिने पोर वाढवले, पण कोणापुढे मान वाकवली नाही.

पगडीचे कापड सहा-सात वार लांब असते. बांधण्याआधी दोघांनी दोन टोके धरून ते ताणायचे, तिरके ओढून सुरकुत्या काढायच्या, मग लांबीत घड्या घालायच्या. याला पूणी म्हणतात. हे एकट्याचे काम नव्हे. रोज सकाळी अंगणात एका टोकाला अतरकौर, दुसऱ्याला लहणा. मायलेकांचे जे काय बोलणे व्हायचे ते त्या सात वारांवरूनच.

मग लहणाला बारा कोसांवर जहागीरदाराच्या कचेरीत चाकरी लागली. तिथे अशी शिखांची पगडी बांधणारा तो एकटा. पहिला महिनाभर शेजाऱ्याने टोक धरले, पुढे तो कंटाळला. लहणा एकट्याने गुंडाळायचा. ती सैल बसायची. कचेरीतले विचारायचे, "शिदोरी डोक्यावर बांधून आणलीस का रे?" एक दिवस भर कचेरीत, मुजरा करताना ती सुटली आणि गळ्यात आली. लोक पोट धरून हसले. त्याच दिवशी तो न्हाव्याकडे जाऊन केस कापून आला, असे सांगतात.

घरी आला तो डोक्याला रुमाल बांधून. अतरकौरने रुमाल ओढला आणि बघत राहिली.

"पगडी उतरवलीस की डोकंच उतरवून आलास?"

"बेबे, तिथे दुसरं टोक धरायला कोणी नव्हतं."

"मला बोलवायचं होतंस."

"रोज सकाळी बारा कोस?"

"आले असते," ती म्हणाली. आणि खोटे नाही, ती आली असती.

पण राग मोठा आणि जीभ त्याहून मोठी. पाच-सहा घरांसमोर, गुरू ग्रंथसाहिबापुढे उभी राहून तिने शब्द दिला, "या हातांनी याचं टोक पुन्हा धरणार नाही." लोकांनी माना डोलावल्या. माना डोलवायला काय लागते? लहणा तसाच निघून गेला.

अडीच वर्षे लोटली. एका सकाळी तो अंगणात येऊन उभा राहिला. केस वाढलेले, जुडा घातलेला, खांद्यावर निळे कापड. कापड नवे होते, पण नीळ तिच्याच हाताची; कोणाकडून तरी मागवून घेतली होती त्याने. क्षमा वगैरे काही बोलला नाही. एक टोक स्वतः धरले, दुसरे तिच्यापुढे केले.

"धर, बेबे."

अतरकौरचा हात उठला, म्हणे. बघणाऱ्यांनी पाहिला. पण बघणारे होते, हाच घात झाला. सगळी घरे दारात येऊन उभी होती, ही शब्द राखते की मोडते ते पाहायला. उठलेला हात तिने पदराखाली लपवला.

शेजारची भिवरा कोळीण म्हणाली, "धर की गं, अतरबाय. लेकरू दारात उभं आहे."

"शब्द गेलाय माझा."

"शब्द गेला तर जाऊ दे. पोरगं जाईल त्याचं काय?"

उन्हाने अंगण भरले तरी लहणा हात पुढे करून उभा होता. शेवटी त्याने कापड गोळा केले, पायऱ्या उतरून नदीवर गेला, या दगडाला टोक बांधले आणि दगडाला म्हणाला, "धर, बेबे."

वरून सगळ्यांनी ऐकले. तिनेही.

त्याने ओढले. असे सांगतात की दगड मेणासारखा दबला, पण टोक सुटू दिले नाही. घडी अशी बसली की एक सुरकुती राहिली नाही. लहणाने शांतपणे डोक्याला पगडीचे पेच घातले, भिवराच्या नवऱ्याच्या होडीतून पैलतीराला गेला, आणि पुन्हा या गावात आला नाही. कोणी म्हणते फौजेत मेला, कोणी म्हणते उत्तरेकडे संसार केला. आईला कळले नाही एवढे खरे.

लोकांनी मात्र अतरकौरला डोक्यावर घेतले. काय निष्ठा, काय बाणा! तिच्या शब्दाचे दाखले पोरांना देऊ लागले. एकदा कोणी तोंडावरच स्तुती केली तेव्हा ती म्हणाली, "तो धोंडा माझ्यापेक्षा बरा निघाला. त्याने धरलं." पुढे मरेपर्यंत ती या पायऱ्यांवर बसायची आणि कोणाच्याही हातात कापड दिसले की उठून टोक धरायची. केस कापलेला असो, दाढी छाटलेला असो, विचारायची नाही. त्यावरून गावात रीत पडली: कोणी 'धर' म्हटले की हातातले काम टाकून धरायचे, आणि त्याच्या डोक्याकडे बघायचे नाही.

रीत सांगायला सोपी. आता गावची पोरे पुण्याला, हैदराबादला असतात. कोणी टोपी घालतो, कोणी लग्नापुरती शिवलेली पगडी विकत आणतो, कोणी कपाटाच्या दारात टोक अडकवून एकटाच ओढतो. त्यांच्या नावाने बोटे मोडणारे म्हातारे इथे पुष्कळ. पण आजही एखादा पोरगा सुट्टीत येतो, चार वर्षांनी कापड काढतो आणि ओट्यावर बसलेल्यांना म्हणतो, "धरा ना जरा." ते आधी त्याची दाढी बघतात. मग खोकतात. पोरगा थोडा वेळ थांबतो आणि पायऱ्या उतरून दगडाकडे येतो. वर ओट्यावर म्हातारे धर्म बुडाल्याची चर्चा करत असतात, आणि दोन्ही हात मोकळे असतात त्यांचे.